शरदांतले प्रवासी : शिकागोचा सरोवरकांठ आणि दफनभूमि

भाद्रपद सरत आला, पावसाचा जोर ओसरला आणि ओढ्याच्या खडकांवर शेपटी खालींवर हालवीत धोबी पक्षी दिसूं लागला, म्हणजे महाराष्ट्रांतील जाणत्या माणसाला कळतें कीं, आतां थंडी फार दूर नाहीं. हा पाहुणा उत्तरेकडील दूरच्या मुलखांतून कोणी सांगितल्यावांचून ठरलेल्या वेळीं येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं पुन्हां तिकडे निघून जातो. नेमक्या त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, अमेरिकेंतील शिकागो शहरावरूनहि पक्ष्यांचा एक प्रचंड लोंढा दक्षिणेकडे वाहत असतो.

शिकागोचें नांव मराठी श्रोत्यास परकें नाहीं. ११ सप्टेंबर १८९३ रोजीं स्वामी विवेकानंदांनीं सर्वधर्मपरिषदेंत आपलें पहिलें भाषण केलें, तें याच शहरांत. आणि ज्या इमारतींत तें झालें ती मिशिगन सरोवराच्या अगदीं जवळ आजहि उभी आहे. सप्टेंबर हा पक्ष्यांच्या प्रस्थानाचा महिना. दिवसा देशोदेशींचे धर्मोपदेशक त्या सभागृहांत बोलत होते, त्याच दिवसांत रात्रीं शहराच्या छपरांवरून उत्तरेचीं पांखरें दक्षिणेस जात होतीं. त्या काळीं त्यांची दखल घेणारे लोक फारच थोडे होते. आज तशी स्थिति नाहीं. शरद ऋतु लागला कीं, भल्या पहांटे गळ्यांत दुर्बीण अडकवून निघालेलीं माणसें शिकागोच्या रस्त्यांवर दिसूं लागतात. त्यांच्या मुख्य वाटा दोन. एक वाट सरोवराच्या कांठाकडे जाते आणि दुसरी शहराच्या जुन्या दफनभूमींकडे.

मिशिगन सरोवराचें पाणी गोडें आहे म्हणून त्यास सरोवर म्हणावयाचें. एरव्हीं त्याचा विस्तार समुद्राला शोभणारा आहे. उत्तर-दक्षिण तें ३०० मैलांहून अधिक लांब असून त्याची रुंदी कांहीं ठिकाणीं १०० मैलांच्या वर जाते. शिकागो त्याच्या नैर्ऋत्य टोंकाशीं वसलें आहे. कॅनडांतील सूचिपर्णी अरण्यांत उन्हाळा काढून, पिलें वाढवून जीं पांखरें ऑगस्टपासून दक्षिणेस निघतात, त्यांतील पुष्कळशीं या किनाऱ्याच्या कडेकडेनें येतात. त्यांचा प्रवास बहुतेक रात्रींचा. सूर्यास्त झाल्यावर तासाभरांत तीं झाडांवरून उठतात, उंच चढतात आणि उजाडेपर्यंत उडत राहतात. रात्रींची हवा थंड असते, त्यामुळें श्रमाचा ताप होत नाहीं. वारा बहुधा स्थिर असतो, ससाणे बहुधा विसाव्यास गेलेले असतात, आणि दिवस चरण्यासाठीं मोकळा राहतो.

यांतील पुष्कळ पांखरें त्याच वर्षीं जन्मलेलीं असतात आणि त्यांस वाट दाखविण्यास आईबाप बरोबर नसतात, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. चार महिन्यांपूर्वीं अंड्यांतून बाहेर पडलेलें पिलूं एके रात्रीं एकटेंच निघतें आणि जो मुलूख त्यानें कधीं पाहिला नाहीं तेथें जाऊन पोहोंचतें. स्टीफन एम्लेन यांनीं १९६० च्या दशकांत मिशिगन राज्यांतील एका तारांगणांत ‘इंडिगो बंटिंग’ नांवाचे निळे पक्षी ठेवून प्रयोग केले. कृत्रिम आकाश फिरवून त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, ज्या बिंदूभोवतीं तारे फिरतात तो बिंदु पिलूं घरट्यांतून बाहेर पडल्यावर ओळखण्यास शिकतें आणि त्यावरून उत्तर कोणती, दक्षिण कोणती हें ठरवितें. अढळपदीं बसलेल्या ध्रुवाची गोष्ट मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते. या पांखरांना तो ध्रुव खरोखरच कामीं येतो. ताऱ्यांखेरीज पृथ्वीचें चुंबकत्वहि त्यांस जाणवतें, हें पुढील संशोधनानें सिद्ध झालें आहे.

उत्तरेकडून थंड हवेचा लोट आला, आकाश निवळलें आणि वारा वायव्येकडून वाहूं लागला, कीं जाणते निरीक्षक लवकर निजतात. कारण दुसऱ्या दिवशीं त्यांस अंधारांतच उठावयाचें असतें. अशा रात्रीं पक्षी पाठीवर वारा घेऊन मोठ्या संख्येनें निघतात. वाऱ्यांत पश्चिमेचा जोर असला तर तो त्यांस सरोवरावर लोटतो. पूर्वेस तांबडें फुटतें तेव्हां ज्यांच्या खालीं पाणीच पाणी असतें, तीं पांखरें वळतात आणि दिसेल त्या पहिल्या हिरव्या ठिपक्याकडे धांव घेतात.

तो हिरवा ठिपका पुष्कळदां ‘मॉन्ट्रोज पॉइंट’ हा असतो. शहराच्या उत्तर भागांत सरोवरांत शिरलेलें हें भूशिर निसर्गानें केलेलें नव्हे. भराव घालून तें तयार करण्यांत आलें आणि आल्फ्रेड कॉल्डवेल या उद्यानरचनाकारानें १९३० च्या दशकांत त्याची आंखणी केली. पुढें शीतयुद्ध सुरू झाल्यावर १९५० च्या दशकांत अमेरिकी सैन्यानें तेथें ‘नाइकी’ क्षेपणास्त्रांचा तळ ठेवला. सैनिकांच्या बराकी नजरेआड राहाव्यात म्हणून ‘हनिसकल’ झुडपांची एक रांग लावली गेली, अशी हकीकत सांगतात. कालांतरानें तळ हालला, बराकी गेल्या; झुडपें मात्र वाढत राहिलीं. रात्रभर उडून थकलेल्या पांखरांना त्या दाट फांद्यांत आडोसा, किडे आणि फळें मिळालीं. निरीक्षकांनीं त्या रांगेस ‘जादूचें कुंपण’ असें नांव दिलें, आणि आज तेंच नांव रूढ आहे. सुमारे १५ एकरांच्या या टापूंत आजवर पक्ष्यांच्या ३०० हून अधिक जाति नोंदल्या गेल्या आहेत. युद्धाच्या भयानें लावलेल्या कुंपणाचा हा उपयोग लावणाराच्या स्वप्नींहि आला नसेल.

या भूशिरावरील शरद ऋतूचें पंचांग ठरलेलें आहे. पहिला मान वाळूंत चरणाऱ्या चिखल्या जातीच्या पक्ष्यांचा. ते जुलै-ऑगस्टमध्येंच उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांतून परतूं लागतात. सप्टेंबर हा ‘वॉर्बलर’ पांखरांचा महिना. महाराष्ट्रांतील वटवट्यासारखींच हीं चणीनें लहान, चंचल आणि कीटकभक्षी असतात. कूळ मात्र निराळें. वसंतांत तीं उत्तरेस जातात तेव्हां त्यांच्या अंगावर पिवळे, काळे, नारिंगी असे लग्नाचे कपडे असतात. शरदांत परततांना तो थाट उतरलेला असतो. दहा जातींचे पक्षी एकाच मळकट हिरव्या रंगांत समोर येतात, पानाआड क्षणभर दिसतात आणि नाहींसे होतात. नवशिक्याची खरी परीक्षा येथें होते. रॉजर टोरी पीटरसन यांनीं १९३४ सालीं पक्षी ओळखण्याचें आपलें प्रसिद्ध पुस्तक काढलें, त्यापूर्वीं अशा पांखराची खात्री बंदुकीनें मारून हातांत घेतल्यावरच करतां येते, असें मानणारे पुष्कळ होते. पंखांवरील पट्टा, डोळ्याभोंवतालचें कडें, शेपटीखालचा रंग अशा दुरून दिसणाऱ्या खुणांवर पीटरसन यांनीं बोट ठेवलें, आणि बंदुकीची जागा दुर्बिणीनें घेतली.

या वॉर्बलरांत ‘ब्लॅकपोल’ नांवाचें एक पांखरूं आहे. त्याचें वजन एरव्हीं साधारण तोळाभर. अलास्का व कॅनडांतील रानांतून तें प्रथम पूर्वेकडे अटलांटिक किनाऱ्यास जातें, तेथें खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट वजनाचें होतें, आणि मग समुद्रावर झेंप घेऊन दोन-तीन दिवस कोठेंहि न टेकतां सुमारे २,५०० किलोमीटर उडत दक्षिणेकडील बेटें किंवा दक्षिण अमेरिकेचा किनारा गांठतें. त्यांच्या पाठीवर अतिशय हलकीं यंत्रें बांधून हा मार्ग संशोधकांनीं २०१५ सालीं निश्चित केला. मॉन्ट्रोजच्या झुडपांत सप्टेंबरच्या सकाळीं घाईघाईनें किडे टिपणारें असें एखादें पांखरूं दिसतें, तेव्हां या शिदोरीवर त्याचा जीव अवलंबून आहे हें ज्यास ठाऊक असतें, तो त्याच्या फार जवळ जात नाहीं.

ऑक्टोबर उजाडला कीं वॉर्बलर विरळ होतात आणि जमिनीवर चरणाऱ्या ‘स्पॅरों’ची पाळी येते. त्यांत पांढऱ्या गळ्याचा स्पॅरो मुख्य. पडलेल्या पानांच्या थरांत दोन्ही पायांनीं एकदम मागें उडी मारून तो पानें उकरतो. दृष्टीस पडण्याआधीं त्या खसखशीवरूनच त्याची चाहूल लागते. पुढें नोव्हेंबरमध्यें झुडपांपेक्षां पाण्याकडे अधिक लक्ष लागतें. उत्तरेचीं तळीं गोठूं लागतात आणि बदकांचे थवे सरोवरावर उतरतात. गार वाऱ्यांत, डोळ्यांतून पाणी येत असतां, धक्क्याच्या टोंकाशीं उभें राहून दूरच्या लाटांवरचे काळे ठिपके मोजणें हें कांहीं सुखाचें काम नव्हे. तरी तें करणारे लोक आहेत. एखाद्या वर्षीं याच सुमारास उत्तर ध्रुवाकडील पांढरें घुबड वाळूच्या टेकाडावर येऊन बसतें. मग बातमी पसरते आणि गर्दी लोटते. घुबडाला दिवसा विसांवा हवा असतो, म्हणून जुने निरीक्षक नव्या माणसांना हात धरून मागें ओढतात.

माणसें मागें सरल्यानें काय साधतें, याचें एक उदाहरण याच किनाऱ्यावर घडलें. ‘पायपिंग प्लोव्हर’ नांवाचा वाळूच्या रंगाचा लहान चिखल्या अमेरिकेच्या महासरोवरांच्या कांठीं जवळजवळ नामशेष झाला होता. २०१९ सालीं त्याच्या एका जोडप्यानें मॉन्ट्रोजच्या गजबजलेल्या वाळूवर घरटें केलें. शहराच्या हद्दींत असें कित्येक दशकांत झालें नव्हतें. स्वयंसेवकांनीं पाळीपाळीनें पहारा दिला, आणि त्या किनाऱ्यावर होणारा संगीताचा मोठा जलसा त्या वर्षीं रद्द झाला. चार-पांच तोळे वजनाच्या अशा दोन पांखरांसाठीं एवढ्या मोठ्या शहरानें आपला बेत बदलला, ही गोष्ट लहान नाहीं.

आतां दुसऱ्या वाटेकडे वळावयाचें. पक्षी पाहण्यासाठीं दफनभूमींत जाणें मराठी मनाला प्रथम चमत्कारिक वाटेल. स्मशान ही गांवाबाहेरची, काम आटोपतांच मागें वळून न पाहतां निघून यावयाची जागा, असा संस्कार पिढ्यान् पिढ्यांचा आहे. पण पक्षी आणि परलोकवासी यांची सांगड या संस्कारालाहि नवीन नाहीं. पितृपक्षांत पान वाढून कावळ्याची वाट पाहणारा मनुष्य पांखराच्या येण्यांत आपल्या माणसाची तृप्ति शोधीत असतो. शिकागोच्या निरीक्षकांची समजूत तशी नाहीं. त्यांस तेथें मोठीं झाडें, थोडें पाणी आणि शांतता मिळते, आणि पांखरेंहि तेवढ्यासाठींच तेथें येतात. तरीहि पितृपक्षाच्याच पंधरवड्यांत एका परक्या शहरांत थडग्यांमधून पांखरांची वाट पाहत माणसें हिंडतात, हा योग मौजेचा खरा.

या दफनभूमींचा आणि सरोवरकांठाचा संबंध जुना आहे. आज ज्यास लिंकन पार्क म्हणतात त्या किनाऱ्यावरील उद्यानाच्या दक्षिण भागांत एके काळीं शहराची दफनभूमि होती. पटकीच्या सांथी येत, प्रेतें उथळ वाळूंत पुरलेलीं असत, आणि शहराचें पिण्याचें पाणी सरोवरांतूनच येई. डॉक्टर जॉन राऊश यांनीं या धोक्याविरुद्ध सतत आवाज उठविला. अखेर १८६० च्या दशकांत तेथील दफनें थांबलीं, पुष्कळ प्रेतें शहराबाहेरच्या नव्या भूमींत हालविलीं गेलीं आणि मोकळ्या झालेल्या जागेस १८६५ सालीं दिवंगत अध्यक्ष लिंकन यांचें नांव मिळालें. काउच नांवाच्या कुटुंबाचें दगडी थडगें मात्र आजहि त्या उद्यानांत एकटें उभें आहे. शहराबाहेरच्या त्या नव्या भूमि म्हणजे १८५९ सालीं स्थापन झालेली रोजहिल आणि १८६० ची ग्रेसलँड. शहर वाढत गेलें, त्यांच्या चारी बाजूंस पसरलें. परंतु त्यांच्या भिंतींच्या आंत इमारत उठली नाहीं. सुमारे ३५० एकरांची रोजहिल आणि सुमारे १२० एकरांची ग्रेसलँड हीं आतां विटांच्या समुद्रांतील बेटें झालीं आहेत.

ग्रेसलँड मॉन्ट्रोजच्या भूशिरापासून दीड-दोन मैलांवर आहे. तिची शोभा मुख्यतः ऑसियन सायमंड्स या उद्यानरचनाकारानें वाढविली. परदेशी फुलांचे ताटवे मांडण्यापेक्षां त्यानें त्या प्रांतींच्या रानांतील ओक, मेपल, ‘हॉथॉर्न’ अशीं झाडें-झुडपें लावण्यावर भर दिला. जुन्या वृक्षांच्या सालींत किडे असतात, खालीं पानें कुजत पडतात, आणि मध्यें ‘विलोमिअर’ नांवाचें लहानसें तळें आहे. किनाऱ्यावर पहांटे उतरलेलीं पांखरें थोडा दम घेऊन जेव्हां आंतल्या भागाकडे सरकतात, तेव्हां त्यांस हवें तें सर्व येथें एकत्र मिळतें.

सरोवरकांठीं सर्व कांहीं वाऱ्यावर अवलंबून. आज हजार पांखरें, उद्यां पांच. दफनभूमींत तसें होत नाहीं. आलेलें पांखरूं येथें दोन-चार दिवस राहतें, आणि म्हणून त्याचे व्यवहार सावकाश पाहतां येतात. ‘ब्राउन क्रीपर’ हा सालीच्याच रंगाचा पक्षी खोडाच्या बुडापासून गिरक्या घेत वर चढतो आणि शेंड्याजवळ पोहोंचतांच दुसऱ्या झाडाच्या बुडाशीं उतरून पुन्हां तोच क्रम सुरू करतो. ‘सॅपसकर’ नांवाचा सुतार खोडावर छिद्रांच्या सरळ ओळी पाडतो आणि त्यांत पाझरणारा रस चाटतो. तो दूर गेला कीं त्याच छिद्रांवर इतर लहान पांखरें येऊन आपली भूक भागवितात. सोनेरी तुऱ्याचा ‘किंगलेट’ अर्ध्या तोळ्याचा. फांदीच्या टोंकाशीं पंख फडफडवीत एका जागीं तरंगून तो पानाखालचा किडा उचलतो. ‘हर्मिट’ जातीचा कस्तूर थडग्याच्या दगडावर उतरतो, शेपटी झटकन् वर करून हळूहळू खालीं घेतो आणि पुन्हां सांवलींत शिरतो. लोरॅडो टाफ्ट यांनीं १९०९ सालीं घडविलेली ‘शाश्वत मौन’ नांवाची काळोख्या मुद्रेची, अंगावर झूल ओढलेली ब्राँझची आकृति येथेंच आहे. एरव्हीं पाहणाऱ्यास ती दचकविते. पण तिच्या आसपासच्या झाडांवर किंगलेटांची बारीक किणकिण चालू असली, कीं तिच्याकडे लक्ष जात नाहीं.

विलोमिअर तळ्यांत एक चिमुकलें बेट आहे आणि त्यावर डॅनियल बर्नहॅम यांचें थडगें आहे. १८९३ च्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें सर्वधर्मपरिषद भरली, त्याच्या उभारणीचे प्रमुख हेच. १९०९ सालच्या शिकागोच्या प्रसिद्ध आराखड्यांत त्यांनीं सरोवराचा कांठ सर्व जनतेचा आहे असें आग्रहानें मांडलें आणि मैलोगणती उद्यानांची कल्पना पुढें ठेवली. रोजहिलमध्यें दुसरे एक गृहस्थ विसावले आहेत, ते आरन माँटगोमेरी वॉर्ड. टपालानें माल विकणारे हे व्यापारी. शहराच्या मध्यभागचा किनारा सदैव मोकळा राहील, असें १८३६ सालच्या नकाशावर लिहिलेलें होतें. त्या एका ओळीच्या आधारें त्यांनीं १८९० पासून १९११ पर्यंत खटले लढविले आणि तो किनारा इमारतींपासून वांचविला. त्या काळीं पुष्कळांनीं त्यांस हेकट ठरविलें. त्या दोघांच्याहि लढ्यांत पक्ष्यांचा विचार होता असें नव्हे. माणसांस मोकळी हवा मिळावी एवढाच त्यांचा हेतु. तरी त्यांनीं मोकळ्या ठेवलेल्या किनाऱ्यावर आज पांखरें उतरतात, आणि त्यांच्या थडग्यांवरील झाडांत विसांवतात.

येथपर्यंतचें चित्र सुखाचें आहे. त्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या किनाऱ्यानें पांखरें येतात, त्याच किनाऱ्यावर शहराच्या उंच, उजळलेल्या, कांचेच्या इमारती उभ्या आहेत. रात्रींचा प्रकाश पक्ष्यांस आपल्याकडे ओढतो आणि गोंधळवितो. दिवसा कांचेंत आकाश व झाडें यांचें प्रतिबिंब पडतें आणि तें खरें समजून पक्षी त्यावर आदळतात. माणसाचें मूलहि कांच असते हें अनुभवानें शिकतें. रानांतील पांखराला तो अनुभव घेण्याची संधि बहुधा एकदांच मिळते.

शिकागोच्या ‘फील्ड म्यूझियम’मधील पक्षीसंग्रहाचे व्यवस्थापक डेव्हिड विलार्ड यांच्या कानावर १९७८ सालीं असें आलें कीं, मैलभर अंतरावरील ‘मॅक्कॉर्मिक प्लेस’ या सरोवरकांठच्या प्रदर्शनगृहावर पांखरें आपटतात. ते सहज पाहण्यास गेले आणि त्यांस दोनएक मेलेलीं पांखरें सांपडलीं. तीं त्यांनीं उचलून आणलीं, मापलीं, नोंदलीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेले. हा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्या एका इमारतीपाशीं गोळा झालेल्या पांखरांची संख्या ४०,००० च्या घरांत गेली. अशी रोजची, निरस वाटणारी नोंद किती मोलाची असते तें पुढें दिसून आलें. शहरांत जमलेल्या ५२ जातींच्या ७०,७१६ पांखरांच्या मापांवरून २०१९ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, १९७८ ते २०१६ या काळांत पक्ष्यांचीं शरीरें लहान होत गेलीं आहेत. पायाचें हाड सरासरी २·४ टक्क्यांनीं आंखूड झालें, पंख मात्र १·३ टक्क्यांनीं लांबले. वाढत्या उष्णतेशीं याचा संबंध संशोधकांनीं जोडला आहे.

त्याच वर्षींच्या दुसऱ्या अभ्यासांतून याहून करुण गोष्ट निघाली. रात्रीं उडतांना जीं पांखरें एकमेकांस बारीक साद घालतात, त्यांचा मृत्यु कांचेवर अधिक होतो. जीं मुकाट्यानें उडतात त्यांचा कमी. पांढऱ्या गळ्याचा स्पॅरो हा साद घालणाऱ्यांपैकीं, आणि एकट्या त्याच्याच जातीचीं दहा हजारांहून अधिक पांखरें या नोंदींत आहेत. प्रकाशानें भांबावलेलें पांखरूं ओरडतें आणि तें ऐकून सोबती त्याच्याकडे वळतात, असा तर्क आहे. अंधारांत थवा एकत्र राखण्यासाठीं जी संवय युगानुयुगें उपयोगी पडली, तीच उजळलेल्या शहराजवळ घातक ठरली.

५ ऑक्टोबर २०२३ च्या पहांटे या दुःखाचा कळस झाला. कित्येक दिवस प्रतिकूल वाऱ्यानें अडकून पडलेले पक्षी वारा फिरतांच एकदम निघाले. पहांटे पावसानें त्यांस खालीं उतरविलें. आणि प्रदर्शनगृहांत दिवे लागलेले होते. त्या एका इमारतीखालीं एका सकाळींत साडेनऊशेंहून अधिक पांखरें मरून पडलेलीं सांपडलीं. त्यांत वॉर्बलरांचा भरणा होता. विलार्ड तेव्हां सेवानिवृत्त झालेले होते, तरी गोळा करणाऱ्यांत तेहि होते; चाळीस वर्षांत असा दिवस त्यांनीं पाहिला नव्हता. शहराच्या मध्यभागीं २००३ पासून काम करणारे स्वयंसेवकहि त्या दिवशीं गल्लोगल्लीं हिंडत होते. जीव शिल्लक असलेलें पांखरूं ते कागदी पिशवींत अलगद ठेवतात, कारण अंधारांत तें शांत राहतें, आणि तशा पिशव्या शुश्रूषागृहांत पोंचवितात.

या घटनेची छायाचित्रें जगभर गेलीं आणि लोकक्षोभ उसळला. उपाय नवा नव्हता. पेटलेल्या खिडक्यांचें क्षेत्र तेथें आजवर नोंदलेल्या कमींत कमी पातळीवर आणल्यास तेथील पक्ष्यांचे मृत्यु सुमारे ६० टक्क्यांनीं घटतील, असें २०२१ सालींच संशोधकांनीं याच इमारतीच्या नोंदींवरून दाखविलें होतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत प्रदर्शनगृहाच्या कांचांवर बारीक ठिपक्यांचा पापुद्रा चिकटविण्यांत आला. ठिपके दोन-दोन इंचांवर असतात. माणसास ते जेमतेम जाणवतात, पण पांखरास तेथें अडथळा आहे हें कळतें. त्याच शरदांत मृत्यूंची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनीं उतरली. चाळीस वर्षांचा हिशेब वाढत जात होता, तो एका ऋतूंत असा थांबला.

अर्थात् एका इमारतीनें सर्व शहर सुरक्षित होत नाहीं. शिकागोंत कांचेच्या इमारती असंख्य आहेत आणि पक्ष्यांचा मार्ग कांहीं बदलणार नाहीं. प्रवासाच्या महिन्यांत रात्रीं अकरानंतर शोभेचे दिवे मालवावेत, अशी योजना तेथें बऱ्याच वर्षांपासून आहे आणि पुष्कळ उंच इमारती ती पाळतात. घरगुती खिडकीवर पडदा ओढणें किंवा बाहेरून ठिपके लावणें हें तर कोणालाहि जमण्यासारखें आहे. त्याला ना मोठा पैसा लागतो, ना कायदा.

मॉन्ट्रोजच्या झुडपांत वाकून पाहणारा निरीक्षक, ग्रेसलँडच्या थडग्यांमधून संथ पावलांनीं हिंडणारी वृद्धा आणि प्रदर्शनगृहाच्या पायथ्याशीं मेलेलीं पांखरें वेंचणारा संग्रहालयाचा मनुष्य हीं तिघें एकाच वहींत लिहीत असतात, असें म्हणावयास हरकत नाहीं. एकजण आलेलीं पांखरें मोजतो, एकजण राहिलेलीं, एकजण गेलेलीं. तिघांच्या आंकड्यांवरूनच कळतें कीं, कोणत्या रात्रीं किती पांखरें शहरावर येतात आणि त्यांतील कितींना तें सुखरूप ओलांडतां येतें. कांचेवरचे ठिपके कोणा एका अधिकाऱ्यास एकाएकीं सुचले नाहींत. त्यांमागें हजारों सकाळच्या नोंदी होत्या. यंदाहि सप्टेंबरांत वारा वायव्येस वळेल आणि कॅनडांतील रानांतून चार महिन्यांचें एखादें पिलूं ध्रुवाकडे पाठ करून एकटें निघेल. शिकागोच्या दिव्यांजवळ तें पहांटेच्या सुमारास पोहोंचेल. पुढचा प्रवास त्यास करतां यावा एवढी तजवीज करणें शहरांतील माणसांच्या हातीं आहे.